छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्याकडे : मधल्या वर्षांची किंमत

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा १ ऑगस्ट २०२५ रोजी झाली, तेव्हा चर्चा मुख्यतः एकाच नावाची झाली. शाहरुख खान यांना कारकिर्दीतील पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि तोही ‘जवान’सारख्या गल्लाभरू चित्रपटासाठी. मथळे त्यांच्याकडे जाणे स्वाभाविकच होते. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा हा पुरस्कार विभागून देण्यात आला होता आणि त्याचे दुसरे मानकरी होते ‘ट्वेल्थ फेल’मधील विक्रांत मेस्सी. आशुतोष गोवारीकर यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाच्या या निर्णयात एक योगायोग दडलेला होता. हे दोन्ही अभिनेते दूरचित्रवाणीवरून चित्रपटात आले आहेत.

हा योगायोग नुसता कौतुकाचा विषय नाही. शाहरुख खान १९८९मध्ये दूरदर्शनच्या ‘फौजी’ मालिकेतून घराघरांत पोहोचले. पाठोपाठ ‘सर्कस’ आली आणि जून १९९२मध्ये ‘दीवाना’ प्रदर्शित झाला. छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्यावर यायला त्यांना तीन वर्षे पुरली. मेस्सी यांची प्रेक्षकांसमोर आलेली पहिली मालिका २००७ची. चित्रपटात मध्यवर्ती भूमिका मिळाली ती २०१७मध्ये आणि सर्वसामान्य प्रेक्षकाने नाव लक्षात ठेवावे असा चित्रपट आला २०२३मध्ये. एकीकडे तीन वर्षे, दुसरीकडे आधी दहा आणि मग सोळा. दोघांच्या गुणवत्तेची तुलना करून ही तफावत उलगडत नाही. ज्या दूरचित्रवाणीतून ते बाहेर पडले, ती दूरचित्रवाणीच दरम्यानच्या काळात वेगळी झाली होती.

दैनंदिन मालिकेचा कारखाना

दूरदर्शनच्या काळातील मालिका सहसा आठवड्यातून एकदा दिसे आणि ठरावीक भागांत संपे. ती करणारी मंडळी बहुधा चित्रपटांतलीच किंवा चित्रपटांच्या उंबरठ्यावर उभी असलेली असत. ‘सर्कस’चे दिग्दर्शन अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांचे होते. पुढे मिर्झा यांनी ‘राजू बन गया जेंटलमन’ आणि शाह यांनी ‘कभी हाँ कभी ना’ हे चित्रपट याच नटाला घेऊन केले. दोन माध्यमांमध्ये भिंत होती, पण तिला दार होते आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ओळखीची माणसे होती.

जुलै २०००मध्ये स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि हिंदी दूरचित्रवाणीचे अर्थकारण पालटले. ती मालिका आठ वर्षे चालली आणि तिचे अठराशेहून अधिक भाग झाले. मालिका ही आता कथा राहिली नाही, ती रोजच्या रोज भरायची वेळ झाली. कथानकाचा शेवट लेखक ठरवत नव्हता, दर आठवड्याला येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे ठरवत होते. गोरेगावच्या चित्रनगरीत, मिरा रोड आणि नायगावच्या बाजूला उभारलेल्या सेटवर बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. संवादांची पाने पुष्कळदा चित्रीकरणाच्या दिवशीच हाती पडू लागली. नटाचे मानधन दिवसावर ठरू लागले आणि ते हाती यायला तीन महिने लागणे हा जणू रिवाजच झाला.

याच कारखान्यात मेस्सी यांची जडणघडण झाली. मुंबईत जन्मलेला आणि वर्सोव्याच्या परिसरात वाढलेला हा मुलगा महाविद्यालयीन खर्चासाठी कॉफीच्या दुकानात आणि नृत्यवर्गात सहायक म्हणून काम करत होता. डिस्ने वाहिनीवरील ‘धूम मचाओ धूम’ (२००७) या किशोरवयीनांच्या मालिकेतून त्यांनी सुरुवात केली. २००८मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर ‘धरम वीर’मधील राजपुत्राची भूमिका आली. त्यानंतर कलर्सवरील ‘बालिका वधू’मध्ये त्यांनी श्याम साकारला. वैधव्य आलेल्या सुगनाशी लग्न करणारा हा तरुण प्रेक्षकांना आपला वाटला. पुढे ‘बाबा ऐसो वर ढूंढो’मध्ये ते नायक झाले. ‘धरम वीर’ ज्या वाहिनीवर गाजली, ती वाहिनीही २०१२ उजाडल्यावर बंद पडली. तरुण नटाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नसते, कारण त्याची लोकप्रियता व्यक्तिरेखेला, व्यक्तिरेखा मालिकेला आणि मालिका वाहिनीला बांधलेली असते.

मालिकांनी त्यांना काय दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची सवय, पानेच्या पाने काही मिनिटांत पाठ करण्याची क्षमता, प्रकाशाची जागा न चुकवता भावना दाखवण्याची शिस्त या गोष्टी कोणतीही अभिनयसंस्था इतक्या वेगाने शिकवू शकत नाही. शिवाय नियमित आणि चांगले उत्पन्न. वयाच्या चोविशीत आपल्यापुढे महिन्याला ३५ लाख रुपयांचा करार होता, असे मेस्सी यांनी नंतर मुलाखतीत सांगितले आहे. मध्यमवर्गीय घरातील तरुणाने या आकड्याकडे पाठ फिरवावी, हे सहज घडणारे नव्हे.

चेहरा तोच, नट दुसरा

त्यांनी पाठ फिरवली. झी टीव्हीवरील ‘कुबूल है’मध्ये ते अयान या व्यक्तिरेखेत दिसले आणि २०१३मध्ये बाहेर पडले. मालिका थांबली नाही. तीच व्यक्तिरेखा दुसऱ्या नटाने पुढे नेली. दोन वर्षांपूर्वी ‘पवित्र रिश्ता’तही असेच झाले होते. मुंबईच्या चाळीतील मराठी कुटुंबाभोवती फिरणाऱ्या त्या मालिकेतून सुशांतसिंह राजपूत २०११मध्ये निघाले, तेव्हा मानवची भूमिका हितेन तेजवानी यांच्याकडे गेली. प्रेक्षकांनी चार दिवस कुरकुर केली आणि नवा मानव स्वीकारला.

दैनंदिन मालिकेतील नटाची खरी अडचण इथे आहे. रस्त्यावर, विमानतळावर, लग्नसमारंभात लोक त्याला ओळखतात, पण व्यक्तिरेखेच्या नावाने. मालिका त्याच्यावाचून अडत नाही आणि तो मात्र मालिकेवाचून लोकांना अनोळखी होऊ शकतो. चित्रपटाचा हिशेब नेमका उलटा असतो. तिथे नटाचे नाव हेच भांडवल असते आणि एका नटाच्या जागी दुसरा आणला तर तो चित्रपटच वेगळा होतो.

चित्रपटनिर्माते ‘टीव्हीचा चेहरा’ हा शब्दप्रयोग ज्या सुरात करतात, त्यात थोडा अभिजनांचा तोरा नक्कीच आहे. पण केवळ तोरा नाही. पहिला आक्षेप व्यापाराचा : जो चेहरा घरबसल्या रोज दिसतो, तो पाहण्यासाठी कोणी तिकीट का काढावे? दुसरा आक्षेप तारखांचा : चालू मालिकेतील नटाला सलग चाळीस दिवस मिळत नाहीत. तिसरा आक्षेप अभिनयशैलीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. दैनंदिन मालिकेत एका बातमीवर घरातील आठ जणांचे आठ चेहरे जवळून दिसतात, प्रत्येकावर ढोल वाजतो आणि प्रत्येकाला आपले दुःख दोन क्षणांत ठसठशीत दाखवावे लागते. अशी हजार दृश्ये केलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर काही न करता उभे राहायला सांगितले, तर त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो आणि त्या काळात पैसे मिळत नाहीत.

म्हणून मालिकेतून चित्रपटात जाण्याचा प्रवास जिन्यासारखा कधीच नसतो. आधी खाली उतरावे लागते. विद्या बालन ‘हम पाँच’मध्ये १९९५मध्ये दिसल्या आणि त्यांचा पहिला हिंदी चित्रपट ‘परिणीता’ २००५मध्ये आला. मधल्या दशकात जाहिराती होत्या, नकार होते, अर्धवट राहिलेली कामे होती. यशस्वी व्यक्तीच्या परिचयात ही वर्षे एका ओळीत उरकली जातात. ती जगताना दर महिन्याला घरभाडे असते.

मधली वर्षे

मेस्सी यांचा पहिला चित्रपट विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘लुटेरा’, जुलै २०१३चा. रणवीर सिंह यांच्या नायकाच्या मित्राची ती भूमिका होती. मालिकेत नायक असलेल्या नटाने चित्रपटात नायकाच्या मागे उभे राहणे पत्करले. पुढच्या चित्रपटासाठी, झोया अख्तर यांच्या ‘दिल धडकने दो’साठी, २०१५ उजाडावे लागले. तीही सहायक भूमिकाच होती. साठवलेले पैसे वर्षभरात संपले आणि निवडचाचण्यांना जाण्यासाठी त्या वेळची मैत्रीण व नंतर पत्नी झालेली अभिनेत्री शीतल ठाकूर हिने मदत केली, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

हा तपशील हृद्य म्हणून सांगितला जातो. खरे तर तो आर्थिक आहे. चित्रपटसृष्टीत घराण्यातून आलेल्या तरुणांना काय मिळते, यावर २०२०पासून बरीच कडवट चर्चा झाली. त्या चर्चेत भर बहुतेकदा ओळखी, पार्ट्या आणि पहिली संधी यांवर राहिला. त्याहून मोठी सवलत वेळेची असते. घराण्यातील मुलाला दोन वर्षे काम न करता थांबता येते, चुकीचा चित्रपट नाकारता येतो, पहिला पडला तरी दुसरा मिळतो. बाहेरून आलेल्याला थांबण्याची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मेस्सी यांनी ती दूरचित्रवाणीच्या कमाईतून दिली. म्हणजे ज्या माध्यमाने त्यांच्यावर शिक्का मारला, त्याच माध्यमाच्या पैशातून त्यांनी तो शिक्का पुसून काढला. ज्यांची कमाई त्या पातळीला पोहोचलेली नसते, त्यांच्यापुढे मालिका सोडण्याचा पर्याय कागदावरच उरतो.

२०१७ हे वर्ष निर्णायक ठरले. कोंकणा सेन शर्मा यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘अ डेथ इन द गंज’ जूनमध्ये प्रदर्शित झाला. १९७९च्या मॅकलुस्कीगंजमध्ये सुटीसाठी जमलेल्या कुटुंबातील शुटू हा अबोल, सर्वांनी गृहीत धरलेला तरुण मेस्सी यांनी उभा केला. ओम पुरी, तनुजा, रणवीर शौरी, कल्की केकलां अशा कसलेल्या कलाकारांमध्ये त्यांना सर्वांत कमी बोलायचे होते. कित्येक वर्षे मालिकांच्या गोंगाटात घालवलेल्या नटाने गप्प राहण्याची भूमिका पेलली आणि अभिनयाबाबतचा आक्षेप तिथेच संपला. पुढच्याच महिन्यात ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ आला. त्याला चित्रपट प्रमाणन मंडळाने आधी प्रमाणपत्र नाकारले होते.

समीक्षकांनी दखल घेतली, परंतु तिकीटबारीवर गर्दी खेचणारा नायक म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. ती पोकळी भरून काढली तिसऱ्याच पडद्याने. नोव्हेंबर २०१८मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर ‘मिर्झापूर’ आली आणि बबलू पंडितने त्यांना त्या वर्गापर्यंत नेले, ज्याने ‘बालिका वधू’ पाहिली नव्हती. एप्रिल २०१९मध्ये हॉटस्टारवर ‘क्रिमिनल जस्टिस’ आली. खुनाच्या आरोपात अडकलेल्या साध्या तरुणाची ती कथा पूर्णपणे त्यांच्या खांद्यावर होती. वेबमालिकेने दूरचित्रवाणीचे शिक्षण आणि चित्रपटाची शैली यांची सांगड घातली. आठ-दहा भागांचा पल्ला मालिकेतील नटाला नवा नसतो, आणि कथेला शेवट असल्यामुळे व्यक्तिरेखा रबरासारखी ताणावी लागत नाही.

मात्र या तिसऱ्या पडद्याचीही एक खोच आहे आणि मेस्सी यांच्या कारकिर्दीत ती ठळक दिसते. जानेवारी २०२०मध्ये ‘छपाक’ चित्रपटगृहांत लागला. त्यानंतर ऑक्टोबर २०२३पर्यंत त्यांचे ‘कार्गो’, ‘गिन्नी वेड्स सनी’, ‘हसीन दिलरुबा’, ‘१४ फेरे’, ‘लव्ह हॉस्टेल’, ‘गॅसलाइट’ असे बहुतेक सर्व चित्रपट थेट ओटीटीवर आले. महासाथ हे त्याचे एक कारण होते, पण चित्रपटगृहे उघडल्यानंतरही क्रम बदलला नाही. छोटा पडदा सोडून निघालेला नट दहा वर्षांनी पुन्हा घरातल्याच पडद्यावर स्थिरावला होता. फरक इतकाच, की आता तो पडदा प्रतिष्ठेचा मानला जात होता.

भाषेचा वळसा

इथे एक प्रश्न उपस्थित होतो : ही अडचण भारतीय दूरचित्रवाणीची आहे की हिंदी दूरचित्रवाणीची? दक्षिणेकडे पाहिले तर उत्तराला वेगळे वळण मिळते. शिवकार्तिकेयन तमिळ विजय टीव्हीवरील विनोदी स्पर्धेतून पुढे आले, त्याच वाहिनीवर सूत्रसंचालक म्हणून घरोघरी पोहोचले आणि २०१२मध्ये ‘मरीना’तून चित्रपटात आले. २०२४च्या ‘अमरन’मध्ये त्यांनी अशोकचक्रविजेते मेजर मुकुंद वरदराजन यांची भूमिका केली, तेव्हा ते तमिळ चित्रपटसृष्टीतील आघाडीचे नायक झाले होते. कन्नडमधील यश हे बसचालकाचे चिरंजीव. नाट्यसंस्थेत पडेल ते काम करून ते ‘नंद गोकुळ’ या मालिकेत आले आणि २००८च्या ‘मोग्गिन मनसु’पासून चित्रपटात स्थिरावले. ‘केजीएफ’ला अजून दहा वर्षे होती. तिथेही संघर्ष होता, पण मालिकेतून आलेला म्हणून त्यांना दाराबाहेर तिष्ठत राहावे लागले नाही. तमिळ व कन्नड प्रेक्षकाच्या लेखी घरातला ओळखीचा मुलगा पडद्यावर मोठा होणे ही अभिमानाची बाब ठरते.

मराठीचे उदाहरण आणखी वेगळे. इथे नाटक हा तिसरा आधार आहे. मालिका, प्रयोग आणि चित्रपट एकाच वर्षात करणारे कलाकार अनेक आहेत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ‘जुळून येती रेशीमगाठी’तील ललित प्रभाकर यांनी २०१९मध्ये ‘आनंदी गोपाळ’मधील गोपाळराव साकारले, तेव्हा ‘मालिकेतला नट’ अशी कुजबूज झाली नाही. अर्थात मराठी चित्रपटाचे अर्थकारण इतके लहान आहे, की नटाला मालिका सोडणे परवडतच नाही. दोन्ही दारे उघडी राहण्यामागे मनाच्या मोठेपणाइतकीच ही नड आहे.

मृणाल ठाकूर यांचा प्रवास या सगळ्या वाटांना स्पर्श करतो. मूळच्या धुळ्याच्या मृणाल ‘कुमकुम भाग्य’मधील बुलबुल म्हणून ओळखल्या गेल्या. ‘विटी दांडू’सारखे मराठी चित्रपट त्यांनी २०१४मध्येच केले होते. मालिका सोडल्यानंतर मानवी तस्करीवरील ‘लव्ह सोनिया’ २०१८मध्ये आला, पुढच्या वर्षी ‘सुपर ३०’ आणि ‘बाटला हाऊस’. हे चित्रपट चालले, पण नायकांच्या नावावर. त्यांच्या नावावर चित्रपट लागला तो ऑगस्ट २०२२मध्ये, तोही तेलुगूत. ‘सीता रामम’च्या प्रेक्षकाने बुलबुलला पाहिले नव्हते. त्याच्यासाठी त्या नव्याकोऱ्या होत्या आणि भाषा अवगत नसूनही त्यांनी ती भूमिका आपलीशी केली. डिसेंबर २०२३च्या ‘हाय नान्ना’ने ते स्थान पक्के केले. हिंदीत शिक्का पुसण्यासाठी मेस्सी यांना जी वर्षे लागली, ती मृणाल यांनी प्रांत बदलून वाचवली. तेलुगूतील यशानंतर हिंदी निर्माते त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहू लागले, ती नजर आधी का नव्हती, हा प्रश्न त्या निर्मात्यांनाच विचारायला हवा.

पुरस्कारानंतरचे प्रश्न

‘ट्वेल्थ फेल’ २७ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला. चंबळच्या मुरैना जिल्ह्यातील मनोजकुमार शर्मा बारावीत नापास होतात, दिल्लीत पिठाच्या गिरणीवर राबत अभ्यास करतात आणि भारतीय पोलीस सेवेत दाखल होतात, ही अनुराग पाठक यांच्या पुस्तकावर आधारलेली सत्यकथा. शर्मा महाराष्ट्र केडरचे अधिकारी असल्याने राज्यातील स्पर्धापरीक्षांच्या वर्तुळाला ते नाव आधीच परिचित होते. दिग्दर्शक विधू विनोद चोप्रा यांना नायकाच्या आधी माणूस वाटेल असा चेहरा हवा होता. लोकप्रिय ताऱ्याला मळकट सदरा घातला तरी तो तारा दिसतो. मेस्सी गिरणीत उभे राहिले तेव्हा ते गिरणीतले वाटले. वर्षानुवर्षे जी गोष्ट उणीव मानली गेली, ती इथे गुण ठरली. छोट्या भांडवलाच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कथापटाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यानंतरच्या दोन वर्षांकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. यशानंतर नट बहुधा त्याच धाटणीच्या भूमिका घेतो. मेस्सी यांनी सप्टेंबर २०२४च्या ‘सेक्टर ३६’मध्ये निर्घृण खुनी रंगवला आणि तो धाडसी निर्णय होता. नोव्हेंबरमध्ये गोध्रा प्रकरणावरील ‘द साबरमती रिपोर्ट’ आला. त्याला अनेक राज्यांत करमाफी मिळाली, संसदेच्या परिसरात पंतप्रधानांनी तो पाहिला आणि नट राजकीय वादाच्या मध्यभागी आला. त्याच सुमारास, डिसेंबरच्या आरंभी, घराकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे, असा त्यांचा संदेश समाजमाध्यमांवर झळकला. निवृत्तीच्या बातम्या पसरल्या. आपल्याला केवळ विश्रांती हवी आहे, शब्दांचा अर्थ चुकीचा घेतला गेला, असा खुलासा त्यांना करावा लागला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, यशाच्या ऐन भरात, नटाला थकवा जाहीर करावासा वाटतो, याची चर्चा बहुतेक प्रसिद्धीतंत्राच्या अंगाने झाली. विशीच्या उंबरठ्यापासून सुरू झालेल्या बारा तासांच्या पाळ्यांच्या अंगाने फारशी झाली नाही.

पुरस्काराच्या घोषणेआधी तीन आठवडे, ११ जुलै २०२५ रोजी, ‘आंखों की गुस्ताखियां’ प्रदर्शित झाला. त्यात मेस्सी यांच्यासमोर अभिनेते संजय कपूर यांच्या कन्या शनाया कपूर होत्या. त्यांचा तो पहिलाच चित्रपट आणि पहिल्याच चित्रपटात नायिकेची भूमिका. शेजारी उभ्या असलेल्या नटाला मध्यवर्ती भूमिकेपर्यंत पोहोचायला दहा वर्षे लागली होती. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. अपयश दोघांच्या वाट्याला सारखे आले, पुढच्या संधीचे गणित सारखे असेल असे मात्र नाही.

आज मालिकांच्या सेटवर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या तरुणासाठी परिस्थिती मेस्सी यांच्या वेळेपेक्षा सोपी नाही. हिंदी मालिका आता वर्षानुवर्षे चालत नाहीत. अनेक मालिका काही महिन्यांतच गुंडाळल्या जातात, त्यामुळे सलग कमाई करून शिल्लक टाकण्याची मुदतच आखडली आहे. २०२०च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले, तेव्हा मानधन नव्वद दिवसांऐवजी तीस दिवसांत द्यावे, ही मागणी कलाकार आणि कामगारांच्या संघटनांनी लावून धरली होती. पाच वर्षांनंतरही थकबाकीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२४मध्ये डिस्ने स्टार आणि वायकॉम १८ यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. एकेकाळी परस्परांच्या प्रेक्षकांसाठी झुंजणाऱ्या स्टार प्लस आणि कलर्स या वाहिन्या एका छताखाली आल्या आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांची दोन ओटीटी व्यासपीठेही जिओहॉटस्टार म्हणून एक झाली. एका वाहिनीने नाकारले तर दुसरीकडे जाण्याची जी मुभा ‘धरम वीर’ ते ‘बालिका वधू’ या उडीत मेस्सी यांना मिळाली, ती आता आक्रसली आहे.

वाहिन्यांचा कलही बोलका आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या घोषणेआधी तीनच दिवस, २९ जुलै रोजी, स्टार प्लसने ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ नव्या रूपात परत आणली आणि तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी पुन्हा उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा चेहरा आजही प्रेक्षक खेचतो, यावर वाहिनीचा भरवसा आहे. नव्या चेहऱ्यांची भरती दरम्यान दुसरीकडे सुरू झाली आहे : मोबाइल उभा धरून पाहायच्या, एक-दोन मिनिटांचे भाग असलेल्या सूक्ष्म मालिकांत. अंधेरी आणि मालाडच्या निवडकेंद्रांबाहेर थांबलेल्या तरुणांपैकी अनेकांचे पहिले काम आता तिथे असते. अख्खी मालिका काही दिवसांत चित्रित होते, मानधन दिवसावरच ठरते आणि काम संपल्यावर नट पुन्हा रांगेत येतो.